एक घास मावशीचा

गेल्या दिवाळीत मी एका सात वर्षांच्या मुलाशी युद्ध पुकारलं आणि सपशेल हरले. मुलगा म्हणजे माझा सख्खा भाचा. रणांगण म्हणजे चंद्रपूरच्या आमच्या घरातलं डायनिंग टेबल. आणि शस्त्र? वरण-भाताचा एक घास!

आधी पार्श्वभूमी सांगते. मी पुण्यात, हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत एचआरमध्ये काम करते. माणसांना 'मोटिव्हेट' करण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे अंगात थोडा माज आहे. ताई चंद्रपूरलाच, ऊर्जानगरला राहते. दर रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद, 'खातच नाही गं हा.' आणि इकडून माझे सल्ले सुरू. 'भूक लागली की खाईल.' 'तू फार लाडावून ठेवलंयस.' 'एक दिवस उपाशी ठेव, बघ कसा सरळ येतो.' सल्ला द्यायला आपलं काय जातं? आता तर फोनचा बॅलन्ससुद्धा जात नाही!

भाचेबुवांचा मेनू पाच पदार्थांचा. पांढरा भात (त्यात वरणाचा एक थेंब जरी पडला तरी अख्खं ताट बाद), कोरडी पोळी, मुरमुरे, बटाट्याचे चिप्स आणि ग्लुकोजचं बिस्किट. तेही अख्खं. तुकडा पडलेलं बिस्किट चालत नाही. आमच्या विदर्भात, जिथे पाटोडीच्या रश्श्यावरून आणि सांबारवडीवरून सोयरिकी जुळतात, तिथे हा मुलगा मुरमुऱ्यांवर जगतोय!

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मी जाहीर केलं, 'आज मी भरवते. बघूच कसा खात नाही.' आधी काऊ-चिऊचे घास झाले. मग मोबाईलचं आमिष. मग 'पोलीसकाका येतील'. मग 'तुझ्यापेक्षा शेजारची छोटी बरी'. माणूस किती झटपट खाली घसरतो बघा! शेवटी नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण मी शब्दशः अमलात आणली. नाक दाबलं, तोंड उघडलं, घास आत सारला.

पुढच्या क्षणी तो घास, सकाळचं दूध आणि दोन बिस्किटं माझ्या नव्या कोऱ्या कुर्त्यावर. कुर्त्याचं जाऊ द्या. त्याचे डोळे मला अजून आठवतात. त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता. भीती होती. विहिरीत ढकललेल्या माणसाला वाटावी तशी. पुढचे दोन दिवस तो मी असलेल्या खोलीत आलाच नाही.

ताई काही बोलली नाही. फडकं घेऊन आली, फरशी पुसली आणि उठता उठता एवढंच म्हणाली, 'तुले काय वाटते, मी करून नसन पाह्यलं?'

त्या एका वाक्याने माझी दिवाळी संपली.

मग कळलं, की ताईची आणखी एक लढाई सुरू आहे. वहीची. भाचेबुवा बोलायला पटाईत. ताडोबातले वाघ म्हणजे जणू त्याचे वर्गमित्र. माया कोण, मटकासुर कोण, वाघडोह कसा दिसायचा, सगळं तोंडपाठ. पण तेच चार ओळींत लिहायला सांगा. अर्धा तास जातो, कपाळावर घाम येतो, पेन्सिलचं टोक तीनदा मोडतं आणि कागदावर उतरते ती मुंग्यांची पळापळ. वहीत लाल शाईचे शेरे : 'अक्षर सुधारा.' 'आळस करतो.' 'पालकांनी लक्ष द्यावे.'

घरात प्रत्येकाची थिअरी तयार. आजी म्हणे, नजर लागली. भाऊजी म्हणत, आईचे लाड. शेजारी म्हणत, मोबाईल. आणि मी म्हणायचे, डिसिप्लिन नाही. थिअऱ्या चार, पण आरोपी एकच, ताई! 'पालकांनी लक्ष द्यावे' मधले ते पालक म्हणजे आईच असते, हे काही वेगळं सांगायला नको.

पुण्याला परतल्यावर मी तेच केलं, जे आपण सगळे अपराधी वाटलं की करतो. ऑनलाइन शॉपिंग. कप्पेवाली रंगीत ताटली, हत्तीच्या आकाराचा चमचा, महागडी पेन्सिल ग्रिप. चंद्रपूरला खोका पोचला. हत्तीचा चमचा त्याला आवडला. त्याने तो खेळण्यांच्या डब्यात ठेवून दिला.

वाट सापडली ती ऑफिसच्या पँट्रीत. मी माझी कहाणी सांगत होते, तेव्हा आमच्या टीममधली एक शांत मुलगी म्हणाली, 'माझी लेक पण अशीच होती. ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवलंस का?' मी मान डोलावली. खरं सांगू? मला वाटलं, ते खांदे धरलेल्या, कंबर लचकलेल्या लोकांसाठी असतं. भाऊजींना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, 'सात वर्षांच्या पोट्ट्याले कोणतं ऑक्युपेशन लावून देणार आहे तुमची ती मॅडम?'

जोक चांगला होता. पण उत्तर त्या जोकमध्येच होतं.

ऑक्युपेशन म्हणजे इथे नोकरी नाही. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती सगळी कामं. तुमचं-माझं ऑक्युपेशन म्हणजे गाडी चालवणं, मेल टाइप करणं, भाजी चिरणं. सात वर्षांच्या मुलाचं ऑक्युपेशन म्हणजे जेवणं, खेळणं, शर्टाची बटणं लावणं आणि लिहिणं. यातलं एखादं काम अडलं, की नेमकं कुठे अडलं ते शोधायचं आणि ते काम करता करताच वाट मोकळी करायची, ही ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी मराठीत 'व्यवसायोपचार'. (या शब्दाने भाऊजींचा गैरसमज आणखीच वाढला असता!)

आणि हे काही कालपरवाचं फॅड नाही. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्नानंतर इथल्या होऊन गेलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. १९५२ साली या थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. आज फलटणला त्यांच्या नावाची एक मराठी शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. मुलांना समजून वाचायला-लिहायला शिकवण्यासाठी ती नावाजलेली आहे. आणि आम्हा चंद्रपूरवाल्यांना तर हे सगळं आधीच कळायला हवं होतं. नागपूरच्या रस्त्यावर वरोऱ्याला आनंदवन लागतं. ज्यांची बोटं कुष्ठरोगाने झडली, त्यांच्या हातांना बाबा आमट्यांनी शेती दिली, माग दिला. दया नको, काम हवं, हे तिथलं सूत्र. आपण लहानपणी तिथे सहलीला जातो, सतरंज्या विकत घेतो आणि मुद्दा तिथेच विसरून घरी येतो.

असो. त्या मैत्रिणीने एक गोष्ट बजावून सांगितली होती, 'आधी बालरोगतज्ज्ञ.' ते फार महत्त्वाचं निघालं. न खाण्याचं कारण दात, टॉन्सिल, बद्धकोष्ठ, अॅसिडिटी यांपैकी काहीही असू शकतं. अंगात रक्त कमी असलं की भूक मरते आणि भूक मेली की रक्त आणखी कमी होतं. आमच्या भागात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून तीही तपासणी झाली. कान-डोळे तपासले. वजन-उंचीचा आलेख काढला. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. बाकी सगळं ठीक होतं. मग चंद्रपूर ते नागपूर, दीडशे किलोमीटर, एका ऑक्युपेशनल थेरपी ओपीडीच्या बाकावर आम्ही तिघं. ताई, भाचेबुवा आणि दोन दिवसांची रजा टाकून आलेली मी.

मॅडमनी आल्या आल्या भाच्याला विचारलं नाही, 'का रे खात नाहीस?' त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, चित्र काढायला दिलं आणि नुसत्या बघत राहिल्या. पाच मिनिटांनी ताईला म्हणाल्या, 'याचे पाय बघा.'

पाय लोंबकळत होते. धड टेबलावर रेललेलं. डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली. 'याचं निम्मं लक्ष खुर्चीतून घसरू नये यात चाललंय,' मॅडम म्हणाल्या. 'उरलेल्या निम्म्यात त्याने लिहायचं आणि जेवायचं.'

सात वर्षांत आम्ही त्याच्या ताटाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. पायांकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. शाळेत आपण पाच इंद्रियं शिकलो. आणखी दोन असतात. एक तोल सांभाळणारं, कानाच्या आत. दुसरं स्नायू-सांध्यांतलं, हात कुठे आहे आणि किती जोर लावायचा हे सांगणारं. या सगळ्यांकडून येणारे निरोप मेंदू जुळवतो आणि मग आपण वागतो. हा विचार अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत मांडला. काही मुलांमध्ये निरोपांचा आवाज फार मोठा असतो, काहींमध्ये फार हळू.

पटत नाही? तुमच्या ऑफिसमध्येच बघा. नव्या टी-शर्टचं लेबल कापल्याशिवाय तो घालता येत नाही, असा एक जण असतोच. शेजारी कुणी पेनाचं बटण टकटक केलं की एकीला एक ओळ टाइप करता येत नाही. पँट्रीत कुणी मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम केली की अर्धा फ्लोअर रिकामा! आपण उठून जाऊ शकतो. सात वर्षांच्या मुलाला कुठे जाता येतं? त्याच्या तोंडात तर तुम्ही सुकट कोंबलेली असते.

भाच्याच्या तोंडाला दोन प्रकारचे स्पर्श एकदम झेपत नव्हते. मऊ भात आणि पातळ वरण एकत्र आलं की जीभ गोंधळते आणि उलटी येते. हट्टाने नव्हे, आपोआप. आणि बिस्किटच का? कारण बिस्किट फसवत नाही. काल होतं तसंच आज. तोच आकार, तीच चव, तोच कुर्रर्र आवाज. तुमची वांग्याची भाजी रोज वेगळी असते! तुकडा पडलेलं बिस्किट का चालत नाही, हेही मला तेव्हा कळलं.

आता माझा एचआरचा स्वभाव. मी विचारलं, 'मॅडम, टार्गेट काय? महिन्याला किती नवे पदार्थ?' त्या हसल्या. 'पहिल्या महिन्याचं टार्गेट : वरणाची वाटी ताटाशेजारी असताना त्याने शांत बसणं.'

एवढंच? एवढंच. खाणं ही शिडीची शेवटची पायरी, त्या म्हणाल्या. आधीच्या पायऱ्या वेगळ्याच आहेत. पदार्थ जवळ असलेला चालणं. दुसऱ्याला वाढणं. चमच्याने ढवळणं. वास घेणं. बोटाने शिवणं. ओठाला लावणं. जिभेच्या टोकाला लावणं. चावून बाजूच्या वाटीत थुंकणं (हो, थुंकायची मुभा!). आणि मग कधीतरी गिळणं. नवी चव मुलाच्या ओळखीची व्हायला ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तीन वेळा करून 'याला आवडत नाही' असा शिक्का मारतो.

आणि एक वाटणी. ही मांडली एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही. ताटात एक पदार्थ त्याच्या ओळखीचा असणारच, म्हणजे उपाशी राहायची भीती नाही. उपाशी ठेवून 'सरळ' करायचा माझा सल्ला इथे थेट कचऱ्यात गेला.

घरी काय बदललं? टेबलाखाली जुन्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला. पाय टेकले. रात्रीचं जेवण तर आजीने खाली पाटांवरच आणलं. मांडी घालून बसलं की बैठक आपोआप पक्की होते, तोल जायची भीती राहत नाही. वाढप्याचं काम भाचेबुवांकडे. पळीने सगळ्यांना वरण वाढायचं, स्वतः घेतलं नाही तरी चालेल. मोबाईल बंद, काऊ-चिऊ बंद, 'शाब्बास'सुद्धा बंद! कारण आपण शाब्बास म्हटलं की घास पुन्हा परीक्षेचा होतो. आजीला हे सगळ्यात जड गेलं.

वहीचं गणित वेगळं होतं. अक्षर बोटांतून येतं असं आपल्याला वाटतं. ते येतं खांद्यातून. खांदा कच्चा, मनगट कच्चं, तर बोटं पेन्सिल आवळून धरतात, हात लवकर दुखतो, टोक मोडतं. मग उपाय काय? महागडी ग्रिप? नाही. भिंतीवरचा फळा. उभ्या फळ्यावर लिहिताना मनगट आपसूक योग्य कोनात येतं. खडूचा छोटा तुकडा, म्हणजे मूठ वळताच येत नाही, तीन बोटांनीच धरावा लागतो. कणीक तिंबणं. वाटाणे सोलणं. तांदळातले खडे निवडणं. आणि रांगोळी! चिमटीतून बारीक धार सोडायची म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा केवढा रियाज. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात हे सगळं फुकट होतं. आपण ते मुलींच्या माथी मारलं आणि मुलग्यांच्या हातातून काढून घेतलं, हा भाग वेगळा.

आणि आपली देवनागरी! तुम्ही कधी विचार केलाय? 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची, पण म्हणायची नंतर. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे, वेलांटी डावीकडे. एका अक्षरासाठी नजर चारही दिशांना फिरते. ज्या मुलाला जागेचा अंदाज येत नाही, त्याच्यासाठी हे घाटातलं ड्रायव्हिंग आहे. मॅडमनी त्याला कॅनडात विकसित झालेल्या एका पद्धतीतल्या चार पायऱ्या शिकवल्या. काय करायचंय ते तू ठरव, कसं करणार ते सांग, कर, आणि तूच तपास. म्हणजे चूक मोठ्यांनी लाल शाईत दाखवायची नाही, त्याने स्वतः शोधायची. त्याने स्वतःसाठी ठरवलेलं पहिलं काम कोणतं होतं? 'माया' हा शब्द नीट लिहिणं. वाघिणीचं नाव हो!

आता दोन कडू गोष्टी, कारण हा कॉलम गोड गोड लिहायचा विषय नाही. पहिली म्हणजे ही जादू नव्हे. हात तयार झाला म्हणून वाचन आपोआप सुधारत नाही. डिस्लेक्सिया असेल तर अक्षर-ध्वनीची जोडी पद्धतशीरपणे शिकवणारा विशेष शिक्षकच लागतो. झोपाळे, ब्रश, वजनदार जॅकेट अशा संवेदनांच्या उपायांबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१२ साली सांगितलं, की सर्वंकष उपचारांचा एक भाग म्हणून वापरा, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना माहीत असू द्या. तेव्हा 'तीन महिन्यांत गॅरंटी' म्हणणाऱ्या चकाचक सेंटरपासून चार हात लांब राहा. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे, तिथली नोंदणी आहे का, ते बिनधास्त विचारा. आणि तीन महिन्यांनी घरात नेमकं काय बदललेलं दिसेल, हेही विचारा.

हक्क मात्र आहेत, तेही माहीत असू द्या. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ सालीच सुरुवात केली आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती अक्षमता रीतसर समाविष्ट झाली. जास्तीचा वेळ म्हणजे मेहेरबानी नव्हे. चष्म्याला कुणी मेहेरबानी म्हणतं का?

दुसरी गोष्ट त्या ओपीडीच्या बाकावरची. आमच्या शेजारी अहेरीच्या पलीकडच्या एका गावातून आलेली बाई बसली होती. मांडीवर चार वर्षांचा मुलगा. मान सावरत नव्हती, हातपाय ताठ. सेरेब्रल पाल्सी. गावाहून नागपूरपर्यंत त्यांना दोन दिवस लागले होते. मी विचारलं, 'जेवतो का?' ती म्हणाली, 'भात पातळ करतो. मांडीवर निजवून पाजतो. दीड तास लागते. कधी ठसका लागते, मंग मी भेतो.' तिच्या रोजच्या मजुरीतून हे दीड-दीड तास तीनदा वजा करा.

मॅडमनी तिला पंधरा मिनिटांत एकच गोष्ट करून दाखवली. आडवं निजवायचं नाही. पाठीला आधार देऊन सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. मान मागे कलली तर घास श्वासनळीत जायची भीती असते. भात एकदम पातळ नको, घट्टसर हवा. छोटा घास, गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. मुलाने चार चमचे खाल्ले, ठसका लागला नाही. त्या बाईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आनंद होता, पण त्यामागे हेही होतं, की हे कुणी आधी का नाही सांगितलं? पंधरा मिनिटांची गोष्ट. त्यासाठी दोन दिवसांचा प्रवास आणि चार वर्षांचा ठसका.

गंमत म्हणजे 'खात नाही' या तक्रारीकडे गंभीरपणे बघायला अख्ख्या देशाला ज्यांनी शिकवलं, त्यांत आमचा गडचिरोलीच पुढे आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत केलं. नीट दूध ओढणाऱ्या बाळाने ओढणं कमी केलं की ती धोक्याची खूण समजायची, हे त्यांना शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, की या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. तिथे कुणी म्हटलं नाही, की बाळ हट्टी आहे किंवा आई लाडावते. न खाणं हा निरोप आहे, आणि निरोप वाचायचा असतो. एवढं साधं शहाणपण आमच्या शेजारच्या जिल्ह्यात होतं आणि मी हिंजवडीतून 'उपाशी ठेव' सांगत होते!

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांना तपासतात. जन्मजात व्यंग आणि आजारांबरोबर विकासातला उशीरही त्यांनी टिपायचा असतो आणि अशा मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं. तुमच्या गावाकडे असं मूल असेल, तर अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात या केंद्राबद्दल जरूर विचारा. आपल्यासारखे गाव सोडून आलेले लोक गावाकडे पैसे पाठवतात, मिक्सर पाठवतात, हत्तीचे चमचे पाठवतात. एक फोन करून माहिती मिळवणं आणि एका दिवसाची रजा टाकून सोबत जाणं, हे जास्त उपयोगाचं असतं. स्वानुभवाने सांगते.

आणि हो, ताईची माफी मागितली. फोनवर नव्हे, समोर बसून. ती म्हणाली, 'जाऊ दे गं.' मग बऱ्याच वेळाने म्हणाली, 'मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं ना, की तुम्ही काय काय करून पाहिलंय? सात वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं.'

या मे महिन्यात चंद्रपूरला गेले. बाहेर नेहमीसारखी भट्टी, घरात कूलरची घरघर. रात्री पाट मांडले. भाचेबुवा पळी घेऊन वाढायला सज्ज. मेनू आता पाचवरून नऊवर गेलाय. नऊच. कुणी टाळ्या वाजवू नका, आमच्याकडे बंदी आहे. वरण अजून पोटात जात नाही. पण वरणात पोळीचा कोपरा बुडवून जिभेला लागतो. अक्षर अजून नागमोडी आहे, पण ओळीवर उभं आहे. फळ्यावर एका कोपऱ्यात 'माया' लिहिलंय, आणि ते पुसायची कुणाची हिंमत नाही.

वाढता वाढता तो माझ्यापाशी थांबला. पळीत कारल्याची भाजी. आता एक गुपित सांगते. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि मी कारलं खात नाही. वाससुद्धा सहन होत नाही. माझा चेहरा त्याने बरोबर वाचला. पळी मागे घेतली. एक छोटी वाटी आणली, त्यात एक फोड ठेवली आणि ती माझ्या ताटात नाही, ताटाशेजारी ठेवली.

'मावशी,' तो हळूच म्हणाला, 'आज नुसतं पाहा.'